आधी विहीर, मग मोटर

तासगावात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर आली की अण्णा तिचं काळं पडलेलं वाइंडिंग काढायचे, खाचांमध्ये नवी तांब्याची तार भरायचे, वॉर्निश देऊन वाळवायचे आणि मोटर पुन्हा पाण्यात जायची. तालुका द्राक्षांचा. पाण्याची पाळी चुकली तर बागेचं वर्ष वाया जातं, म्हणून या कामात हयगय चालत नाही. नवी मोटर घ्यायची झाली तरी लांबलांबचे शेतकरी अण्णांना विचारल्याशिवाय घेत नसत. अण्णांची एक रीत होती. किंमत सांगण्याआधी ते प्रश्न विचारायचे.

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. एक शेतकरी दुकानात आला. त्याची पाच एचपीची मोटर जळाली होती.

"अण्णा, ही राहू द्या. आता साडेसातचीच द्या."

"विहीर किती फुटांची?"

"पन्नास."

"पाणी किती वेळ टिकतं?"

"पाचच्या मोटरीला तीन तास. मग तळ दिसतोय."

"पाइप?"

"अडीच इंची."

"आणि ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून व्होल्टेज पुरेसं येतं का?"

शेतकरी घुटमळला. "ते कधी बघितलं नाही. शेजाऱ्यानं साडेसातची बसवली, म्हणून म्हटलं आपणही बसवू."

अण्णा म्हणाले, "साडेसातची टाकली तर तीन तासांचं पाणी दोन तासांत उपसेल. झरे आहेत तेवढेच राहणार. मोटर कोरडी चालेल, जळेल आणि परत माझ्याकडे येईल. मला काम मिळेल, पण तुमच्या बागेला एक थेंब जास्त मिळणार नाही. हीच पाचची भरून देतो. उरलेल्या पैशांत चांगला स्टार्टर घ्या, म्हणजे पुन्हा जळणार नाही."

शेतकरी पटल्यासारखी मान हलवून गेला. अण्णांचा मुलगा ओंकार कोपऱ्यात बसून हे ऐकत होता, पण त्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं. सांगलीला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलाला स्वतःचा गेमिंग कम्प्युटर जुळवायचा होता. दोन उन्हाळे बेदाण्याच्या शेडवर काम करून त्यानं पैसे साठवले होते, आईनं भिशीतले घातले होते आणि मिळून ५० हजार झाले होते. मोबाइलवर तो रोज यादी करायचा आणि रोज मोडायचा. यादीत पहिलं नाव मात्र कायम होतं.

"अण्णा, मी आरटीएक्स ४०६० घेणार."

"ते काय असतं?"

"ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर जे चित्र दिसतं ते तेच बनवतं. तीस हजाराला आहे."

"पन्नासातले तीस त्यालाच? कशासाठी लागतं?"

"गेमसाठी."

"कुठल्या गेम?"

"सगळ्या."

अण्णांनी हातातली तार खाली ठेवली. "सगळ्या म्हणजे तू अजून एकीचाही विचार केलेला नाहीस. मला कार्डातलं काही कळत नाही. पण वस्तू काम करणारी असेल तर तिला चार प्रश्न लागू पडतातच. वही घे आणि लिही. विहीर: काम नेमकं किती आहे? पाइप: त्या कामाची वाट कुठून जाते आणि ती किती रुंद आहे? डीपी: वीज कोण देणार आणि ती ताणात टिकेल का? मिस्त्री: उद्या बिघडलं तर जबाबदार कोण? चारही उत्तरं लिहून आण, मग आपण दुकानात जाऊ."

ओंकारचा चुलत भाऊ ऋषी तिथेच बसला होता. त्याच्याकडेही तेवढेच पैसे होते आणि त्याची यादीही तीच होती. त्याला वही नको होती. "काका, दिवाळीच्या ऑफर संपतील," असं म्हणून तो उठला आणि आठवड्याभरात त्याचा कम्प्युटर घरी आलासुद्धा. तीस हजारांचं आरटीएक्स ४०६०. साडेसात हजारांचा मॉनिटर. मग जे उरलं त्यात बाकीचं सगळं: सेकंडहँड, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, त्याचा जुना एच-८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, लहानशी एसएसडी आणि रंगीत दिवे लावलेलं काचेचं कॅबिनेट. कॅबिनेटबरोबर वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, फुकट मिळाला होता. त्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलं होतं. ऋषीनं फोटो टाकला आणि सगळ्या मित्रांनी त्याचं अभिनंदन केलं.

ओंकारला वाईट वाटलं, पण त्यानं वही सोडली नाही.

पहिला प्रश्न विहिरीचा. त्यानं आपण खरोखर खेळतो आणि खेळणार आहोत त्या गेम लिहिल्या. मित्रांबरोबरची व्हॅलोरंट. त्याच सप्टेंबरात आलेली काउंटर-स्ट्राइक २. कम्प्युटरवर २०१५ मध्ये आलेली जीटीए ५. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची २०२० मधली 'राजी', जी त्याला आपल्या मातीतली म्हणून खेळायचीच होती. आणि सगळ्यात जड, २०१९ मध्ये कम्प्युटरवर आलेली रेड डेड रिडेम्प्शन २. मग एकेका गेमच्या कंपनीनं काय लागतं म्हणून सांगितलंय ते त्यानं पाहिलं. रेड डेडसाठी कंपनीनं सुचवलेलं कार्ड होतं जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं. ते कार्ड २०१६ चं. त्याच्या यादीतल्या सगळ्यात खोल विहिरीलाही तीस हजारांच्या मोटरीची गरज नव्हती. व्हॅलोरंट तर कार्डापेक्षा प्रोसेसरच्या जिवावर चालते, हेही त्याला तेव्हाच कळलं.

मग मॉनिटर. लॉकडाउनमध्ये थोरल्या बहिणीनं, ताईनं, घरून काम करण्यासाठी घेतलेला २४ इंची मॉनिटर आता ओंकारचा झाला होता. त्याच्या मागचा कागद त्यानं वाचला: १९२० गुणिले १०८०, ७५ हर्ट्झ. त्यानं वहीत गुणाकार केला. पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलायचं म्हणजे साडेपंधरा कोटी ठिपके दर सेकंदाला रंगवायचे आणि एका चित्राला वेळ मिळणार १३ मिलिसेकंद. ग्राफिक्स कार्डाचं काम ते हेच. २५६० गुणिले १४४० चा मॉनिटर असता तर ठिपके ३६ लाख ८६ हजार झाले असते आणि काम पावणेदोन पटींहून जास्त. म्हणजे कार्ड किती मोठं हवं हे बाजार ठरवत नव्हता. ताईचा मॉनिटर ठरवत होता. कार्डानं सेकंदाला १५० चित्रं बनवली तरी तो मॉनिटर ७५ च दाखवणार. स्पर्धेत उतरणाऱ्याला जादा चित्रांचाही थोडा फायदा होतो, कारण माउस हलवल्याचा परिणाम किंचित लवकर दिसतो. पण ओंकार संध्याकाळी अभ्यास झाल्यावर खेळणारा मुलगा होता.

मॉनिटर न्याहाळताना आणखी एक गोष्ट दिसली. मागे दोन खाचा होत्या, एक जुनी व्हीजीए आणि एक एचडीएमआय. आतापर्यंत केबल व्हीजीएत लावलेली होती. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतं. एचडीएमआयची केबल त्यानं यादीत जोडली. दोनअडीचशे रुपयांची ती वस्तू नसती तर पन्नास हजारांचा कम्प्युटर जुळवूनही पडदा काळाच राहिला असता.

दुसरा प्रश्न पाइपचा. इथे त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण शिकायलाही इथेच मिळालं. जीटी १०३० नावाचं एक स्वस्त कार्ड त्याला दिसलं. नाव एकच, मेमरीही दोन्हींत २ जीबी, पण प्रकार दोन. एकात जीडीडीआर ५ मेमरी, जी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते. दुसऱ्यात साधी डीडीआर ४, जी १७ जीबीही हलवत नाही. दुसऱ्या प्रकाराचा गेममधला वेग निम्म्यावर येतो. आता त्याला कळलं की 'इतक्या जीबीचं ग्राफिक्स कार्ड' एवढंच जाहिरातीत का लिहितात. टाकी किती मोठी हे लोकांना पटकन समजतं, पाइप किती इंची हे कोणी विचारत नाही. टाकीही पुरेशी हवीच. नव्या गेमची चित्रं मोठी असतात आणि ४ जीबीचं कार्ड तिथे अडखळू लागतं. पण टाकीच्या आकड्यावरून कार्डाची ताकद ठरवणं चुकीचं, एवढं त्यानं वहीत अधोरेखित करून ठेवलं.

तसाच पाइप मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यातही असतो. त्याला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. त्याच्या पिढ्या असतात आणि प्रत्येक पिढीला वेग साधारण दुप्पट होतो. आजची बरीच स्वस्त कार्डं त्या वाटेच्या १६ पदरांपैकी ८ च वापरतात, आरएक्स ६५०० एक्सटीसारखं एखादं तर फक्त ४. नव्या बोर्डावर ते चालून जातं. जुन्या बोर्डावर मात्र पिढीही जुनी आणि पदरही कमी, अशी दुहेरी अडचण होते.

तिसरा प्रश्न डीपीचा. त्यानं विजेची बेरीज मांडली आणि ती अण्णांना दाखवली. अण्णा पहिल्यांदाच वहीवर वाकले, कारण वॅट त्यांना कळत होते. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या वेगळ्या केबलमधून १५०. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, पाहण्यात आलेल्या आरएक्स ६६०० या दुसऱ्या कार्डाला १३२. प्रोसेसर आणि बाकीचं धरून सगळं तीनशेच्या आतबाहेर.

"मग ५५० वॅटचा घे," अण्णा म्हणाले. "मोटर काय, डबा काय, कायम पूर्ण ताणावर चालवायचा नसतो. आणि कुठल्याही कंपनीचा उचलू नकोस. वॅट कागदावर कोणीही लिहितं."

चौथा प्रश्न मिस्त्रीचा, आणि तो जुन्या कार्डांपाशी येऊन थांबला. २०२२ च्या १५ सप्टेंबरला इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते चलन कमावणाऱ्यांचा, म्हणजे मायनिंग करणाऱ्यांचा, धंदा बंद पडला. रात्रंदिवस राबवलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात आली. ८ जीबीचं आरएक्स ५८० सहासात हजाराला मिळतं म्हणून ओंकारला एकानं सुचवलं. त्यानं नीट पाहिलं. कार्ड २०१७ चं, वीज १८५ वॅट, वॉरंटी संपलेली आणि त्याच नावानं विकलं जाणारं एक कमी ताकदीचं कार्डही बाजारात फिरतंय. विकणारा ते गेममध्ये चालवून दाखवायला तयार नव्हता. ओंकारनं त्यावर काट मारली.

मग बापलेक सांगलीला गेले. दुकान एका ताईंचं होतं. ओंकार काही बोलण्याआधी त्यांनीच विचारलं, "मॉनिटर कुठला आहे तुझ्याकडे?"

अण्णांनी खुर्ची ओढली आणि निवांत बसले. बरोबर दुकानात आलो, हे त्यांना त्या एका प्रश्नावरून कळलं होतं.

ताईंनी वही पूर्ण वाचली. मग तीन पेट्या काउंटरवर ठेवल्या. "तुझ्या कामाला हे तीन लागू पडतात. आरटीएक्स ३०५०, ८ जीबीचं. आरएक्स ६६००, तेही ८ जीबीचं. आणि तू म्हणतोस ते ४०६०. पहिल्या दोघांची किंमत जवळपास सारखी, वीस हजारांच्या वरखाली. तुझ्या गेममध्ये ६६०० हे ३०५० च्या बरंच पुढे आहे. ३०५० ची वेग वाढवणारी डीएलएसएससारखी काही सोय त्यात नाही, पण तुझ्या मॉनिटरवर तुला तिची गरज पडणार नाही. हां, तू ब्लेंडरमध्ये थ्रीडीचं काम करणार असतास तर मी तुला एनव्हिडियाच्या, म्हणजे आरटीएक्सच्या, कार्डाकडेच वळवलं असतं. ते सॉफ्टवेअर त्या कार्डांवर जास्त वेगानं चालतं. तसलं काही करतोस का?"

"नाही. नुसतं गेम आणि कॉलेजचं कोडिंग."

"मग ६६००. आणि ४०६० हे या दोन्हींपेक्षा वेगवान आहे, त्यात वाद नाही. पण पन्नास हजारांत ते घेतलंस तर दहा हजार दुसरीकडून कापावे लागतील. कुठून कापशील?"

ओंकारनं यादी पाहिली. कापण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

ताईंनी त्याची एक चूक मात्र काढली. त्यानं १६ जीबी रॅमची एकच पट्टी लिहिली होती. "८-८ च्या दोन घे. एका पट्टीत प्रोसेसरला एकच वाट मिळते, दोन पट्ट्यांत दोन. पैसे जवळपास तेवढेच." मग आय-थ्री १२१००एफ प्रोसेसर, एच-६१० बोर्ड, एक टीबी एसएसडी, कारण एकटी रेड डेडच १५० जीबी जागा मागते, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस आणि दिवे नसलेलं पण समोरून हवा घेणारं कॅबिनेट. सगळं मिळून पन्नासच्या आत बसलं. जीएसटीचं पक्कं बिल झालं, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर त्यावर आला. कार्डावर तीन वर्षांची वॉरंटी होती. त्या बिलाची प्रत अण्णांनी लगेच दुकानाच्या फाइलला लावली.

दिवाळीच्या सुट्टीत ऋषी कम्प्युटर पाहायला आला. "आय-थ्री? आणि कार्डही ४०६० नाही?" असं म्हणाला खरा, पण थोडा वेळ बसला आणि पाहत राहिला. रेड डेडमध्ये घोडा गावातून दौडत होता, पाऊस पडत होता आणि चित्र कुठेही अडकत नव्हतं. कोपऱ्यातला आकडा ७५ वर होता.

बराच वेळ गप्प बसून ऋषी म्हणाला, "काका, माझा कम्प्युटर खेळताना बंद पडतो. दहा मिनिटं झाली की पडदा काळा होतो आणि पुन्हा सुरू होतो. दुकानदार म्हणतो कार्ड खराब असेल, कंपनीकडे पाठवा."

अण्णांनी मल्टिमीटर उचलला आणि तिघंही ऋषीच्या घरी गेले.

कॅबिनेटची काच काढली. एसएमपीएसमधून निघालेल्या तारांपैकी पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट असतात, काळी तार ग्राउंड. ८ पिनांची केबल त्या फुकटच्या डब्यात नव्हतीच, म्हणून दुसऱ्या तारांना अडॅप्टर लावून कार्डाला वीज दिली होती. अण्णांनी लाल टोक पिवळ्या तारेच्या मागून आत सरकवलं, काळं टोक काळ्या तारेला लावलं. मीटरवर ११.८ आलं. ओंकार म्हणाला, "पाच टक्क्यांची सूट असते. ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवं."

"आता गेम लाव," अण्णा म्हणाले.

ऋषीनं गेम लावली. मीटरवर ११.६. घोडा गावात शिरला, ११.४. पाऊस सुरू झाला, ११.२. आकडा ११.१ झाला आणि त्याच क्षणी पडदा काळा पडला.

अण्णांनी चार स्क्रू काढून डबा बाहेर घेतला आणि तळहातावर तोलला. आयुष्यभर तांबं वजनावर ओळखलेला माणूस. त्यांनी तो ऋषीच्या हातात दिला आणि ओंकारकडचा डबा मागवून दुसऱ्या हातात दिला. ऋषीला सांगावं लागलं नाही. एक डबा दुसऱ्याच्या निम्म्यानंही भरत नव्हता.

ओंकारचा एसएमपीएस ऋषीच्या कम्प्युटरला लावून पाहिला. व्होल्ट १२.१ वर स्थिर राहिले आणि गेम अर्धा तास बंद पडली नाही. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. तरीही चित्र मधूनमधून अडखळत होतंच. ओंकारनं टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १०० टक्के, कार्ड ४५. चार कोअरचा दहा वर्षं जुना प्रोसेसर गेमचा हिशेब वेळेत कार्डाकडे पोचवू शकत नव्हता. वर एच-८१ बोर्डाची वाट पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीची. ४०६० चौथ्या पिढीच्या ८ पदरांसाठी बनवलेलं, तिथे सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात. इथे त्याच ८ पदरांतून ४ जीबी जात होते. तीस हजारांचं कार्ड निम्मा वेळ रिकामं बसून वाट बघत होतं.

ऋषीचा चेहरा उतरला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझी मोटर उत्तम आहे, ऋषी. तिला दोष देऊ नकोस आणि विकूही नकोस. तिला लायक पाइप आणि डीपी मिळाली नाही, एवढंच झालंय. आता एकेक नीट कर. आधी हा डबा बदल, कारण असा डबा जाताना कधी कधी बाकीच्या वस्तूही घेऊन जातो. मग पैसे साठतील तसा बोर्ड आणि प्रोसेसर. आणि या वेळी वही घेऊन बस."

ऋषीनं तसंच केलं. एसएमपीएसचे चार हजार अण्णांनी उसने दिले. पुढच्या हंगामात तो बेदाण्याच्या शेडवर गेला, आधी ते फेडले आणि मग नवा प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम घेतली. तेव्हा कुठे ते कार्ड आपल्या ताकदीनं चाललं. पन्नास हजारांत व्हायचं काम सत्तरच्या पुढे गेलं आणि वर्ष गेलं ते वेगळंच. पण त्या वर्षात तो इतकं शिकला की पुढे गावातली पोरं कम्प्युटर घेण्याआधी ओंकारकडे जशी येऊ लागली तशी ऋषीकडेही येऊ लागली. दोघंही पैशाचा विषय काढण्याआधी पहिला प्रश्न मॉनिटरचा विचारतात.

तात्पर्य असं, की वस्तूची ताकद तिच्यात नसते, ती जिथे बसते त्या जागेत असते. मोठं कार्ड वाईट नाही. ज्याचा मॉनिटर मोठा आहे, प्रोसेसर तोलामोलाचा आहे आणि वीज भक्कम आहे, त्यानं ते जरूर घ्यावं. पण ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्यानं एका ठिकाणी सगळी ताकद आणि बाकी सगळीकडे अशक्तपणा असा सौदा करू नये. कम्प्युटर त्याच्या सगळ्यात दुबळ्या भागाच्या वेगानं चालतो आणि सगळ्यात दुबळ्या भागापाशी बंद पडतो. दिसणाऱ्या वस्तूवर पैसा घालून न दिसणाऱ्या वस्तूतून तो कापणं, ही बेताच्या पैशाच्या माणसाची सगळ्यात महागडी काटकसर आहे.

कार्डांची नावं तर सतत बदलत राहतील. या गोष्टीनंतर इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी-५८० आलं, २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं, आरएक्स ९०६० एक्सटी आलं. त्यातलं शेवटचं एकाच नावाखाली ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतं, आणि काही नव्या गेमना आता ८ जीबी अपुरी पडू लागली आहे. त्यामुळे ओंकारनं ६६०० घेतलं म्हणून तुम्हीही तेच घ्यावं, असं या गोष्टीचं सांगणं मुळीच नाही. त्याचं उत्तर त्याच्या मॉनिटरचं, त्याच्या गेमचं आणि त्या दिवाळीतल्या भावांचं होतं. तुमचं वेगळं असेल.

म्हणून घरात कोणी मुलगा किंवा मुलगी कम्प्युटरची यादी घेऊन आली, तर "कशाला हवंय?" म्हणून तिला गप्प करू नका आणि "घे काय ते" म्हणून पैसेही काढून देऊ नका. तिच्याबरोबर बसा. मॉनिटरच्या मागचा कागद वाचायला सांगा, गेमची नावं लिहायला सांगा, वॅटची बेरीज मांडायला सांगा, पक्कं बिल मागायला शिकवा. तुम्हाला कार्डातलं काही कळत नसलं तरी चालेल. पैसे मोजके असतात तेव्हा चूक परवडत नाही, आणि प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.